ब्लू स्ट्रीक आगीत गेला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जत्रेतल्या पाळण्यांवर लेख आला होता. लेख छान होता. पण त्यात जाता जाता एक वाक्य येऊन गेलं, की परदेशातले जुने लाकडी रोलर कोस्टर धोकादायक ठरल्यामुळे पाडून टाकले. ते वाचल्यापासून राहवत नाही. त्यातल्या एकाशी माझी चांगली ओळख होती.

१९८६ ते १९९४ आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यात ईरी गावाला होतो. तिथून गाडीने तासाभराच्या आत कॉनिऑट लेक नावाचं मोठं तळं लागतं. त्याच्या काठावर १८९२ पासून चालत आलेलं एक छोटं मनोरंजन उद्यान होतं. त्याच्या मागच्या रानात उभा होता ब्लू स्ट्रीक. बांधला १९३८ साली, आखणी एडवर्ड व्हेटेल यांची, उंची पाऊणशे फुटांच्या थोडी वर. आजचे सगळ्यात मोठे लोखंडी कोस्टर याच्या चौपट-पाचपट उंच असतात, तेव्हा आकडा ऐकून कुणी भारावून जाणार नाही. आमच्या घरात मात्र दर उन्हाळ्यात एकच प्रश्न असायचा, ब्लू स्ट्रीकला कधी जायचं?

फलाटावरून सुटली की गाडी थेट अंधाऱ्या बोगद्यात शिरायची. काही दिसायचं नाही, फक्त जुन्या लाकडाचा आणि वंगणाचा वास. बाहेर येऊन साखळीला लागली की खालून कट् कट् कट् सुरू व्हायचं. चढताना साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून खाली दाते असतात आणि गाडीचा खटका एकेका दात्यावर पडत जातो, त्याचा तो आवाज. माथ्यावर तो थांबायचा. एक क्षण नुसती शांतता, आणि मग गाडी झाडीत झेपावायची. सरळ रानात जायचं, टोकाला वळायचं, पुन्हा उंचवट्यांवरून उड्या घेत परत यायचं. प्रत्येक उंचवट्यावर आपण बाकावरून अधांतरी उचलले जायचो आणि मांडीवरचा दांडा तेवढा आपल्याला धरून ठेवायचा. दोन्ही बाजूंनी पानं सपसप मागे जायची. ते सुख मला पुढे कुठल्याच मोठ्या उद्यानात मिळालं नाही.

१९८९ च्या उन्हाळ्यात मामंजी आमच्याकडे तीन महिने राहायला आले होते. ते सुतार. बैलगाड्यांची चाकं भरण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं. अमेरिकेत त्यांचं मन रमेना. सगळं पाहून "बरंय" म्हणायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. एका सकाळी आम्ही उद्यान उघडायच्या आधीच पोहोचलो. मामंजी कुंपणापाशी गेले ते तिथून हलेचनात. वर रुळावरून एक म्हातारा कामगार हातात हातोडी आणि कमरेला पिशवी घेऊन चालत येत होता. मधेच वाकायचा, एखादा बोल्ट आवळायचा, फळीवर हातोडीने ठोकायचा, आवाज ऐकायचा, पुढे जायचा.

मामंजींनी मला जवळ बोलावून बोटाने दाखवलं. जुन्या फळ्या पावसापाण्याने करड्या पडलेल्या आणि त्यांच्यात मधेमधे एखादी पिवळीजर्द नवी. "ती बघ, परवा बदललीय. ह्याच्याकडं रोज कुणीतरी बघतंय, पोरी. मी बसणार ह्याच्यात." आणि टोपी माझ्या हातात देऊन खरंच बसले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, सलग दोनदा.

परतीच्या वाटेवर पूर्ण वेळ ते त्याच्याबद्दलच बोलत होते. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्यांचे थर आणि वर लोखंडाची पट्टी. गाडीला चाकं वर असतात, बाजूला असतात आणि रुळाच्या खालच्या अंगालाही असतात, म्हणून उंचवट्यावर माणूस उडाला तरी गाडी रूळ सोडत नाही. गाडी जाते तेव्हा सगळा सांगाडा थोडा हलतो. आम्ही त्याला घाबरत होतो. मामंजी म्हणाले, हलतंय तेच बरं, न हलणारं लाकूड मोडतं.

मग लाकूड जुनं म्हणून धोका, हे कसं म्हणायचं? त्याच राज्यात अल्टूना इथे लीप द डिप्स नावाचा लाकडी कोस्टर आहे, १९०२ सालचा. तो १९८५ मध्ये बंद पडला आणि दुरुस्त होऊन १९९९ ला पुन्हा धावला. त्याच राज्यातल्या एलिसबर्गजवळच्या नोबेल्स उद्यानातल्या फीनिक्स या कोस्टरची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तो मूळचा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा, तिथे त्याचं नाव रॉकेट. ते उद्यान १९८० ला बंद झालं आणि कोस्टर ओसाड उभा राहिला. नोबेल्सवाल्यांनी तो तुकड्या-तुकड्यांनी उतरवला, दीड हजार मैलांहून लांब आणला आणि १९८५ च्या जूनमध्ये पुन्हा उभा केला. आज जगातल्या उत्तम लाकडी कोस्टरांत त्याचं नाव घेतात.

ब्लू स्ट्रीकच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. आम्ही कराडला परतल्यावर त्या उद्यानाचे हाल सुरू झाले. दिवाळखोरी, कोर्टकचेऱ्या, कर्ज. २००७ आणि २००८ ला उद्यान उघडलंच नाही. २०१० मध्ये पेप्सीने ऑनलाइन मतांवर मदत द्यायची योजना काढली होती. त्यात ब्लू स्ट्रीकसाठी लोकांनी पन्नास हजार डॉलर मिळवले आणि तो पुन्हा सुरू झाला. माझा मुलगा तेव्हा ओहायोत होता. तो रोज मत द्यायचा आणि रात्री फोनवर मला आकडा सांगायचा. मामंजी तेव्हा नव्हते, पण मी देवापुढे साखर ठेवली होती.

२०२१ मध्ये उद्यान विकलं गेलं. पाडकाम सुरू झालं आणि ४ जानेवारी २०२२ ला आग लागून ब्लू स्ट्रीक जळाला. मुलाने व्हिडिओ पाठवला होता. बर्फाच्या दिवसांत तो सांगाडा पेटलेला. तो मी एकदाच पाहिला. जग म्हणतं ब्लू स्ट्रीक आगीत गेला. माझ्या मते हातोडी घेऊन सकाळी रुळावरून चालणारा माणूस ज्या दिवसापासून येईनासा झाला, त्या दिवशीच तो गेला होता.

म्हणून आपल्याला एक विनंती. माझ्या लहानपणी पालीच्या खंडोबाच्या यात्रेत लाकडी रहाटपाळणा असायचा. चार पेट्या, हाताने ढकलायचा, कण्याची कुरकुर अख्ख्या मैदानात ऐकू यायची. आता तिथे विजेवर फिरणारे लोखंडी पाळणे आहेत. ते लाकडी पाळणे कोण बांधायचं, कण्याला कुठलं लाकूड वापरायचं, यात्रा संपल्यावर ते सोडून कुठे ठेवायचे, हे जाणणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची असतील. आपल्या वार्ताहरांनी त्यांना गाठून बोलतं करावं. आणि वाचकांपैकी कुणाकडे पालीच्या किंवा आसपासच्या जत्रेतल्या लाकडी पाळण्याचा जुना फोटो असेल, कितीही पुसट, तर तो कृपया छापावा.

कळावे,
आपली एक वाचक, कराड