गाडीचा आवाज सुधारून देणाऱ्या काकांना, जाहीर थँक्यू

काका, फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

ओमाहा ते डेन्व्हर साधारण 540 मैल, लिंकन मागे पडलं की आय-80 हायवेवर एकेक एफएम स्टेशन खरखरत विरून जातं, त्यामुळे सॅटेलाइट रेडिओ, म्हणजे थेट उपग्रहावरून येणारा, मला हवाच होता. दुकानात सांगितलं की कंपनीचा स्टिरिओ काढून फेका आणि सगळंच नवीन बसवा. तुम्ही मात्र आधी डॅश उघडायला लावलात आणि स्टिरिओच्या मागे सीडी चेंजरचं (एकामागून एक सीडी बदलणाऱ्या डब्याचं) रिकामं पोर्ट दाखवलंत, त्याला अडॅप्टर लावला की ऑक्स, म्हणजे बाहेरचं उपकरण जोडायची सोय, मिळतं आणि सिरियसएक्सएम या सॅटेलाइट रेडिओ कंपनीचा, स्टँडमध्ये बसणारा डॉकवाला रेडिओ थेट वायरने जोडता येतो. त्याचा आवाज एफएमवरून स्टिरिओला पाठवणारा एफएम ट्रान्समीटर नको म्हणालात तेही पटलं, गाव बदललं की रिकामी फ्रिक्वेन्सी शोधत बसायचं आणि 15 किलोहर्ट्झच्या वरचा बारीक आवाज तर एफएमवर येतच नाही.

अँटेना छताच्या पत्र्यावर, वायर रबराखालून डिकीत आणि तिथून कार्पेटखालून पुढे, कुठे एक इंच दिसत नाही! सिग्नल 2.3 गिगाहर्ट्झचा, त्याला मोकळं आकाश लागतं, पण रिसीव्हर काही सेकंदांचं आधीच साठवून ठेवतो म्हणून छोट्या पुलाखाली आवाज तुटत नाही, हे तुम्ही गाडी चालवत समजावलंत ते फार आवडलं.

पण खरे आभार दारांसाठी. मी स्पीकरच्या किमती बघत होतो आणि तुम्ही म्हणालात आधी दार बंद कर, म्हणजे आतली भोकं. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज त्या भोकांमधून पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो आणि बेस तिथेच संपतो, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची, मॅट रोलरने दाबून बसवली, आणि नुसतं दार लावलं तरी आवाज बदललेला, एकदम ठक्क! मग साडेसहा इंची स्पीकर, आणि तुमची ती दीड व्होल्टची बॅटरी, तारा टेकवल्या की स्पीकरचा कोन (मधला पडदा) बाहेर उडाला पाहिजे, आत गेला तर प्लस-मायनस उलटं. आवाजाला जोर देणारा छोटा अँप सीटखाली, पॉवरची वायर थेट बॅटरीवरून आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, ग्राउंडसाठी रंग खरवडून उघडा पत्रा, आणि 80 हर्ट्झच्या खालचा खोल बेस दाराच्या स्पीकरला द्यायचाच नाही.

आणि तुम्ही खरं सांगितलंत, की सॅटेलाइटचा आवाज मुळातच दाबलेला, म्हणजे कॉम्प्रेस केलेला असतो, लहरींची एवढीशी बँड आणि त्यात शंभरावर चॅनल, त्यामुळे कितीही महाग सामान लावलं तरी तो सीडीसारखा होणार नाही, उलट चांगल्या स्पीकरवर त्याची उणीव जास्त कळेल. म्हणून मोठ्या अँपवर पैसे घालू दिले नाहीत. विकणारा माणूस असं बोलत नाही, काका. आता बातम्या आणि बेसबॉलची कॉमेंट्री हायवेच्या टायरच्या आवाजातही शब्दन्‌शब्द कळते, आणि गाणी ऐकायची तर त्याच ऑक्सवर माझ्या फाइल्स आहेतच.

मागची दोन दारं राहिलीत आणि मॅट उरलीय. थंडीत ती नीट चिकटत नाही म्हणून ऑक्टोबरच्या आत उरकू, काकूंना घेऊन शनिवारी या, जेवण आमच्याकडेच.