सुध्यास पत्र: सांगलीतला फ्लॅट आणि घरबसल्या भाडं

सांगली,
२२ जून

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. फंडाचे पैसे हातात आलेत, त्यातले ४५ लाख घालून विश्रामबागेत टू बीएचके घ्यायचा, भाडं परस्पर खात्यावर जमा होईल, "आपण काही करायचं नाही, तू आहेसच की तिथं." मी हो हो म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "भावजींना खरं काय ते सांगा." म्हणून लिहायला बसलो.

गावभागातलं घर आम्ही २०१४ ला घेतलं ते तू पाहिलंयस. खाली एक कुटुंब, वरच्या दोन खोल्यांत मार्केट यार्डात कामाला जाणारी पोरं. ही पहिल्या दिवसापासून त्या घराचं सगळं एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिते. त्यातलं एक जुनं पान जसंच्या तसं उतरवून देतो:

"३ जून. वरच्या मोरीचा नळ. प्लंबर १५० रु. दोन खेपा झाल्या. ७ जून. जिन्यावरचा पत्रा गळतोय. १२ जून. वायरमन आला नाही. १३ जून. वायरमन आला. २१ जून. खालच्यांनी निम्मं भाडं दिलं, उरलेलं पगार झाल्यावर."

महिनाभरातल्या या पाच नोंदी, आणि जवळजवळ प्रत्येकीमागं हिची निम्मी सकाळ गेलेली. मी तेव्हा नोकरीवर. घर वर्षाला पाच टक्के देतं असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना अभिमानानं सांगत आलो, तुलाही सांगितलं. हिच्या त्या सकाळींची मजुरी मी कधी हिशेबात धरलीच नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर ती कामं माझ्याकडं आली तेव्हा कळलं की वरचे दोन टक्के घराचे नव्हतेच, हिच्या राबण्याचे होते. सुध्या, हे मला फार लागलं.

आता तुझ्या फ्लॅटचा हिशेब. ४५ लाखांच्या फ्लॅटला महिना ११ हजार भाडं धरू, म्हणजे वर्षाला १ लाख ३२ हजार. तीन टक्केही नाहीत. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी ९ हजार, एक महिना फ्लॅट रिकामा राहिला तर ११ हजार, रंग आणि दुरुस्तीला १० हजार. हातात ८४ हजार राहतात. दोन टक्क्यांच्याही आतच. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मी अजून धरलेली नाही. आयकरातसुद्धा भाड्यातून घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या रकमेतले सरसकट ३० टक्के सोडतात, पावती मागत नाहीत. घर म्हटलं की खर्च आलाच, हे कायद्यानंही धरलेलं आहे. "भाव वाढेल की" म्हणशील. वाढेलही, पण तो विकल्यावर हातात येतो, आणि तुला पैसे दर महिन्याला लागणार आहेत.

आणि पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आठ दिवसांनी गावभागातलं कुलूप काढलं तर दार फुगून चौकटीत बसलेलं, खांद्यानं ढकलावं लागलं. भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या छातीला लागत होती. स्विचबोर्डांच्या भोकांतून गाळ ओघळून वाळला होता. फ्रीज तरंगत जाऊन दिवाणावर आडवा पडलेला. खालच्या वहिनी उंबऱ्यातच थांबल्या आणि "पोरीची दहावीची पुस्तकं" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर चार महिने आम्ही भाडं घेतलं नाही. मागायला तोंडच नव्हतं.

२०२१ च्या जुलैत पाणी परत ५० फुटांच्या वर गेलं. त्या वेळी मात्र कोयना धरणातून विसर्ग वाढल्याचं कळताच आम्ही दोघं तिकडं गेलो आणि खालच्यांचं सामान वर चढवलं. वहीत नोंद आहे: "फ्रीज, दिवाण, पुस्तकं वर." नुकसान पहिल्याच्या पावपटही झालं नाही. फरक एवढाच की त्या दिवशी आम्ही तिथं होतो. विश्रामबाग उंचावर आहे, तिथं एवढी भीती नाही, हे मान्य. पण स्वस्त म्हणून कुणी शामरावनगरकडचा प्लॉट दाखवला तर आधी पूररेषेचा नकाशा बघ आणि गुंठेवारीचे, म्हणजे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचे, कागद नीट वाच.

खरंच हात न लावता मालमत्तेत पैसे घालायचे असतील तर रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून इमारती घेणारे आणि त्यांचं भाडं वाटणारे ट्रस्ट. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०१४ ला नियम केले, पहिला रीट २०१९ ला बाजारात आला. वाटण्याजोग्या रकमेतले निदान ९० टक्के युनिटधारकांना द्यावेच लागतात. डीमॅट खातं पुरतं, नळ गळाला तरी तुला फोन येत नाही. मात्र त्यात असतात बहुतेक ऑफिसच्या इमारती आणि मॉल. राहती घरं नसतात, कारण दोन-अडीच टक्क्यांत सांभाळणाऱ्याचा पगार आणि तुझा वाटा असं दोन्ही निघत नाही. युनिटचा भावही रोज खालीवर होतो, तो बघून तुझी झोप उडेल का, हे तुलाच ठाऊक.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. "पैसे द्या, वर्षाला ठरलेला परतावा घ्या" म्हणणारा बिल्डर भेटेल. मी २०१६ ला ओळखीवर तीन लाख दिले, साध्या कागदावर. मुद्दल परत यायला चार वर्षं लागली आणि त्यासाठी मारलेल्या खेपा भाडेकरूंमागच्या खेपांपेक्षा जास्त. आता महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक बघितल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नकोस त्याच्याकडं.

तरीही सांगलीतच घ्यायचं मनात असेल, आणि ते गावाच्या ओढीनं असेल, तर मी अडवणार नाही. मग फक्त दोन गोष्टी ऐक. करारनामा लेखी आणि नोंदवलेला हवा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकावर आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यायची. आणि देखरेखीला पगारी माणूस ठेव, महिना हजार-दीड हजार का होईना. तुझ्या माझ्या मैत्रीवर ते ओझं टाकू नकोस. मी नाही म्हणणार नाही, पण मग खेपा परत हिच्याच वाट्याला येतील, आणि ते मला आता बघवणार नाही. त्याचा पगार धरून हिशेब पुन्हा मांड आणि मला कळव.

ऑगस्टमध्ये वहिनींना घेऊन ये. पाऊस असेल, आयर्विनवर जाऊन पाणी बघू. हिनं वही आत्तापासूनच काढून ठेवली आहे.

तुझा,
बाळ्या