रविवारच्या रशियन वाचनाची आठवण

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेनऊला नेहमीप्रमाणे फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूटच्या गेटपाशी जमायचंय, तिथून चहा घेऊन वाचायला बसू. यावेळी गोष्टीबिष्टी नाहीत, शोधनिबंधच घ्यायचाय. सायबरलेनिंका या मोफत रशियन लायब्ररीतून आपापल्या विषयातला एक निबंध काढा, पहिली दोन पानं पुरे, आणि प्रिंट आणाच, मोबाईलवर खुणा करता येत नाहीत.

घरी एवढंच करा, प्रत्येक वाक्यात आधी मुख्य क्रियापद शोधा आणि पेन्सिलने अधोरेखित करा. रोजच्या बोलण्यात क्वचितच येणारं 'याव्ल्याएत्स्या' (म्हणजे 'आहे') हे क्रियापद निबंधात पानोपानी भेटतं आणि त्याच्यासोबतचं नाम तृतीयेत जातं, तिथे गडबड झाली की कर्ताच उलटा लागतो. नामाआधीची लांबलचक विशेषणं दिसली तर इंग्रजीतून जाऊ नका, सरळ मराठीत आणा, 'गेल्या शतकात लिहिलेला', 'हवेत विरघळणारा' अशी रचना आपल्याकडे आहेच की, फार सोपं जातं, खरंच करून बघा.

तेर्की या रशियन भाषेच्या परीक्षेची दुसरी लेव्हल म्हणजे बी-टू देणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पाच भाग असतात आणि साधारण प्रत्येकात ६६ टक्के लागतात, एखाद्याच भागात ६० चालतात, त्यामुळे फक्त ग्रामरच्या जोरावर निभणार नाही, लेखन आत्तापासून सुरू करा. निबंधाचा दहा ओळींचा रशियन सारांश हाताने लिहून आणा, चुका तिथेच बसून तपासू.

येणार असाल तर शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा, आणि नवीन कोणाला आणणार असाल तर जरूर आणा.