खांबाच्या पायाशी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या वाड्यांवरचा सचित्र लेख वाचला. फोटो देखणे होते: सुरूदार खांब, महिरपी, दारावरची गणेशपट्टी. पण एकाही फोटोत खांब जमिनीपर्यंत दिसत नाही. सगळे कमरेपासून वर. म्हणून हे पत्र.

आमचं गाव देपालपूर तालुक्यात. तिथे माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर अजून उभं आहे. पाच खणांची ओसरी (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), माजघर, वर माडी, मागे परस. चौक नाही, त्यामुळे त्याला वाडा म्हणणं जरा जास्तच, पण माळव्यात येऊन किती पिढ्या झाल्या तरी मराठी माणसाला ओळीने चार लाकडी खांब दिसले की तो वाडाच म्हणतो.

या घराचा भार लाकडावर आहे. खाली काळ्या दगडाचा उथळा, म्हणजे खांबाची बैठक, त्यावर सागाचा खांब, खांबाच्या डोक्याला कूस, म्हणजे तासून काढलेलं टोक, ती तुळईच्या खोबणीत बसवलेली. तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीची जमीन. सांधे लाकडी खुंट्यांचे. बाहेरच्या भिंतींच्या पोटातही खांब आहेत. त्यांच्यामधल्या कच्च्या विटांचं काम ऊन, वारा आणि चोर अडवायचं, बाकी काही नाही.

असं का, ते आमच्या काळ्या मातीत वावरलेल्याला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात ती फुगते, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर ताठ भिंत उभी केली तर ती तडकणारच. लाकडाचा सांगाडा मात्र थोडा हलतो, कुरकुरतो आणि पुन्हा जागेवर बसतो. भिंतीला चीर गेली की माती, भुसा, शेण कालवून सासूबाई ती लिंपून घ्यायच्या. चीर दिसली म्हणून घर सोडून जायचं कुणाच्या मनातही येत नसे. चीर दिसली म्हणजे दिवाळी जवळ आली, एवढंच.

मग १९९६ साली आम्ही शहाणपणा केला. भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि ओसरीवर फरशी. फरशीची पातळी वर आली, उथळे तिच्यात बुडाले आणि खांबांचा वीतभर बुंधा सिमेंटमध्ये गेला. केर काढायला सोपं पडेल म्हणून हट्ट माझाच होता, हे कबूल करते. मातीच्या भिंतीतली ओल पूर्वी उन्हाळ्यात उडून जायची, ती सिमेंटआड कोंडली आणि खांबांच्या पायाशी येऊन साठली. साग वाळवीला सहसा दाद देत नाही. पण पंचवीस-सव्वीस वर्षं ओल्या लंगोटात ठेवलं तर सागाचं तरी काय होणार?

दोन वर्षांपूर्वी माडी एका बाजूला झुकली. शहरातून एक इंजिनीअर नेले. त्यांनी भिंतींच्या चिरांचे फोटो काढले, गिलावा ठोकून पाहिला आणि ‘भिंती कमकुवत, इमारत राहण्यास अयोग्य’ असं लिहून दिलं. जे भार घेतच नाही त्याची तपासणी झाली आणि जे घेतं त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. फी मात्र पूर्ण भरली.

नंतर गावातला म्हातारा सुतार आला. त्याने वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, दांड्याने प्रत्येक खांब वरून खाली ठोकत आणला. वर टणटणीत आवाज, खाली येता येता तो बसत गेला. तिसऱ्या खांबाशी त्याने सिमेंट फोडलं आणि बुंध्याला पटाशी लावली. ती बोटभर आत गेली, बाहेर आला तो ओल्या तपकिरीसारखा चुरा. एकूण दोन खांब असे निघाले. माडीला टेकू दिले, जॅकने ती केसभर उचलली, कुजलेला दीड हात भाग कापला आणि गोठ्यातल्या जुन्या तुळईचा तुकडा अर्ध्यात अर्धा बसवून आरपार खुंट्या मारल्या. नऊ दिवस लागले. सांधा रंगाने झाकू नका म्हणाला, पुढच्या सुताराला दिसायला हवा.

कुणी किल्लारीचं नाव काढील. १९९३ च्या भूकंपात तिथे माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली सापडली, हे खरं. पण भिंती ढासळून लाकडी खण उभे राहिलेली घरंही तिथे होती. सांगाडा आणि भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच माझं म्हणणं. आणि इंदूरकरांनी तरी यावर शंका घेऊ नये. १७४७ साली बांधायला घेतलेल्या आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या आगीत मागचा भाग गेला, तोही पुढे जुन्याच पद्धतीने उभा केला. त्याच्यासमोर फोटो काढून घेणारे आपण गावाकडचं घर मात्र जेसीबीच्या हवाली करतो.

ज्यांचं असं घर गावी असेल त्यांनी मृगाच्या आधी एकदा खांबांभोवतीचं सिमेंट खरवडून उथळा मोकळा करावा आणि वरच्या कवेलूंवरून (कौलं म्हणा हवं तर) एक हात फिरवून घ्यावा. आणि आपण पुढचा लेख छापाल तेव्हा निदान एक फोटो उथळ्याचा टाका.

गेल्या महिन्यात बायपासजवळच्या एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. दारात दोन जुने सागाचे खांब, पॉलिश करून, दिव्यांच्या माळा गुंडाळून उभे केलेले. वर छताला टेकतही नव्हते. सवयीने मी वाकून खाली पाहिलं. दोघांचेही बुंधे हातभर कापलेले होते.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर