सायकल विकायची नाही, बाबा

रत्नागिरी

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "सायकलला गिऱ्हाईक आलं का?" आणि मी उत्तर न देता मोहोराचं विचारलं. आईच्या ते लक्षात आलं असणारच. फोनवर हा विषय निघाला की आधी आईचा गळा दाटतो, मग माझा, आणि सांगायचं तसंच राहतं. म्हणून लिहायला बसले. उजव्या हातानेच लिहितेय. अक्षर बघा, जवळजवळ पूर्वीसारखं येतंय.

तर, सायकलवरून पडून खांद्याजवळचं कॉलरबोन आणि मनगट मोडलं, तरी सायकल मी विकणार नाही. मनगटाचा पुढचा एक्स-रे बघून डॉक्टरांनी हो म्हटलं, की पुन्हा चालवायला घेणार आहे. आधी सपाट रस्त्यावर, पण पुढे सड्यावरही, त्या कातळाच्या माळावर, जाणार. हे ठरलं आहे. तुमच्या जावयांशी बोलून ठरवलंय, आणि चिरंजीवांनाही विचारलंय. तुम्हाला आधी विचारलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही 'नको' म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द माझ्याने मोडवला नसता.

आता आईला हवं ते आधी सांगते. जेवण वेळेवर होतंय. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी पोळी-भाजी, रात्री मऊ भात आणि तू पाठवलेली कुळथाची पिठी. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे तू लहानपणी दामटून प्यायला लावायचीस ते बरोबरच होतं. केस आता माझे मीच विंचरते. मधले काही आठवडे समोरच्या काकू रोज सकाळी येऊन वेणी घालून जायच्या, एकदाही कंटाळल्या नाहीत. पाठीमागे उशी लावून टेकून झोपायचे तेही संपलं, आता सरळ आडवी झोपते. डाव्या कुशीवर मजेत, उजव्या कुशीवर थोडा वेळ. कॉलरबोनवर प्लेट बसवली त्या जागी छातीवर हात फिरवला तर बधीर लागतं, त्याचा तू घोर लावून घेतलायस. तिथून कातडीच्या अगदी बारीक नसा जातात, त्या शस्त्रक्रियेच्या छेदात दुखावतात. पुष्कळांना हे होतं आणि हाताच्या ताकदीशी त्याचा काही संबंध नसतो. कळशी उचलता येईल ना, हा तुझा प्रश्न. येईल, आई.

हाड जुळायला म्हणून बाबांनी पाठवलेली कांडवेल कुंडीत लावली आहे. गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात दुसरं काही घ्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून खाल्ली नाही. पण ती छान फुटलीय, दोन नवी कांडी आली आहेत.

आता पडले कशी ते. बाबांना ते तुकड्या-तुकड्याने कळलं आणि आईला बहुधा वाडीतल्या लोकांकडून, त्यामुळे कड्यावरून कोसळले, दरीत पडले, असं काहीबाही तिच्या डोक्यात बसलंय. कडा नव्हता, दरीही नव्हती. गोळपच्या सड्यावरून खाली बागांकडे उतरणारी बैलगाडीची जुनी वाट होती. आम्ही चौघं होतो. पाऊस नुकताच ओसरला होता, आणि पाण्याने सड्यावरचे जांभ्याचे बारीक गोटे वाहून आणून एका वळणावर पसरले होते. वरून गवत आडवं पडलेलं, त्यामुळे दिसले नाहीत. पुढचं चाक त्यावरून बाजूला सरकलं आणि मी उजव्या अंगावर आले. वेग रिक्षापेक्षाही कमी होता.

पडताना माणूस हात पुढे टाकतोच, ते ठरवून होत नाही. तळहात जमिनीला लागतो आणि सगळा हिसका मनगटातून, कोपरातून वर खांद्याकडे जातो. हात आणि धड यांना हाडाने जोडणारं एकच हाड आहे, ते कॉलरबोन. त्याचा मधला भाग सगळ्यांत बारीक असतो, त्यामुळे ते बहुतेक वेळा तिथेच मोडतं. माझंही तिथेच मोडलं. सायकलवरून पडणाऱ्यांच्यात हे हाड इतकं नेहमी मोडतं, की दवाखान्यात गेल्यावर कोणी दचकलंसुद्धा नाही. टोकं एकमेकांवर चढली होती म्हणून प्लेट बसवली, नाहीतर नुसत्या झोळीत हात ठेवून भागलं असतं. बरोबरच्यांनी माझा हात ओढणीने छातीशी बांधला, काजूच्या सावलीत बसवलं, आणि एकजण खाली जाऊन गाडी घेऊन आला. मला एकटं कोणी सोडलं नाही. तळहातात लाल माती घुसली होती, ती सिस्टरने पाण्याच्या धारेखाली मऊ ब्रशने इतकी हळू काढली की मला तिच्याकडे बघून तूच आठवलीस. एक बारीक लाल कण मात्र अंगठ्याच्या गादीत कातडीखाली राहिला आहे. दुखत नाही. उन्हात हात धरला की दिसतो.

डोक्याला काही झालं नाही, हे बाबा पुन्हा पुन्हा विचारतात म्हणून पुन्हा लिहिते. हेल्मेटच्या आतला फोम एका बाजूने दबून चिरला, म्हणजे मार त्याने घेतला. असं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा वापरायचं नसतं, कारण दबलेला फोम दुसऱ्यांदा मार घेत नाही. ते टाकलं, नवं आणलं. त्या रात्री उलटी होते का, डोकेदुखी वाढते का, बोलण्यात गोंधळ होतो का, हे बघायला तुमचे जावई जागे राहिले होते. यातलं काहीच झालं नाही.

आई, तुला खरी भीती कॉलरबोनची नाही, मनगटाची आहे, हे मला ठाऊक आहे. त्या गणपतीत तू मागीलदारी घसरलीस, हाडवैद्याने ओढून पट्टी बांधली आणि तुझा हात तसाच वाकडा राहिला. अजून नारळ खवताना तू मनगट कसं धरतेस ते मला दिसतं. म्हणून माझ्या मनगटाचं नीट सांगते.

मोडलेलं हाड काजूगराएवढं आहे, अंगठ्याच्या बुडाशी. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नव्हतं. या हाडाचं असं नेहमी होतं, चीर सुरुवातीला दिसत नाही आणि लोक मुरगळलं म्हणून तेल चोळत बसतात. डॉक्टरांनी अंगठा ताणायला लावून त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे बोट दाबलं, आणि मी ओरडले. तेवढ्यावर त्यांनी प्लॅस्टर घातलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायला लावला, त्यात चीर स्वच्छ दिसली. या हाडाला रक्त बोटांच्या बाजूने उलटं येतं, त्यामुळे मोडल्यावर मागच्या तुकड्याला ते कमी पोचतं आणि ते जुळायला फार वेळ घेतं. खांदा केव्हाच मार्गी लागला आणि मनगटाच्या तारखा मात्र पुढे पुढे जातायत, ते एवढ्यासाठी. काही बिघडलंय म्हणून नाही. मागच्या फोटोत चिरेवर पांढुरकं नवं हाड धरलेलं मी स्वतः पाहिलं. तुझ्या वेळी कोणी फोटोच काढला नाही, आई.

बाबा, तुम्ही म्हणालात, सायकल ही रस्त्यावर चालवायची वस्तू. पण १९९६ पासून माउंटन बायकिंग हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, आडवाटेने सायकल चालवणं म्हणजे टवाळपणा नव्हे. टॉम पिडकॉक नावाचा ब्रिटिश मुलगा २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या दोनेक महिने आधी सराव करत होता, गाडीने उडवलं आणि त्याचं कॉलरबोन मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आणि जुलैत त्याने माउंटन बायकिंगचं सुवर्णपदक घेतलं. २०२४ ला पॅरिसमध्ये मधेच चाक पंक्चर होऊनही पुन्हा घेतलं. मी काही त्याच्याएवढी घाई करणार नाही. माझं वय बघून आणि माझं हाड बघूनच निघणार. पण मोडलेलं हाड पुन्हा भार घेतं, एवढं तरी त्यावरून पटावं.

आणि खरं सांगू? कारण पदकाचं नाहीच. दिवसभर कार्यालयात बसून डोकं जड झालेलं असतं, सड्यावर आले की ते उतरतं. श्रावण-भाद्रपदात तिथे फुलं असतात, कातळावरच्या डबक्यांत पाणी असतं, टिटव्या ओरडत असतात, आणि पलीकडे समुद्र. आपल्या लोकांनी कधीकाळी त्या कातळावर कोरलेले मासे, माणसं, जनावरं बघायला बाहेरचे लोक येतात. आपण शेजारी राहून कधी बघितली नव्हती. (त्या चित्रांच्या जवळ आम्ही सायकली नेत नाही, लांब गडग्याला टेकवून चालत जातो.) चाळिशीनंतर मला स्वतःचं म्हणून मिळालेलं हे एकच आहे. घर, नोकरी, मुलगा, सगळं माझंच आहे, पण त्यात सगळ्यांचा वाटा आहे. यात कोणाचाच नाही.

शिवाय हे मला तुम्हीच दिलंत. ओहोटीला पुळणीवर वाळू ओली घट्ट असायची तेव्हा तुम्ही शाळेतून येऊन मला तुमच्या सायकलवर मधून पाय घालून चालवायला शिकवायचात. मागून धरलंय म्हणायचात आणि धरलेलं नसायचं. पडले की आधी माझा गुडघा बघायचात, मग चाकाचा आक, आणि म्हणायचात, "वाळू आहे, लागत नाही. चल." आई वर कुंपणापाशी पदर तोंडाला लावून उभी असायची. घरी आल्यावर हळद लावताना तुम्हालाच बोलायची, मला नाही. ती हळद आणि तिचा तो रागावलेला हात, बाबा, प्लेट बसवली त्या रात्री मला फार हवा होता. तुम्ही दोघांनी एवढ्या लांब येऊ नये म्हणून मीच नको म्हटलं, तरी हवा होता.

आता माझं ऐका. एकटी जाणार नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर जाणार नाही. कोपराला आणि गुडघ्याला पॅड बांधीन, चाकात हवा थोडी कमी ठेवीन म्हणजे मातीत पकड राहते, आणि जायची वाट जावयांना आधी सांगून निघेन. उतार नवा असेल तर पहिल्यांदा चालत बघून येईन. हे सगळं मी कबूल केलंय, म्हणून मला तुमच्याकडूनही काही कबुली हवी आहे.

बाबा, आगरातून वर यायची ती पायऱ्यांची पाखाडी. पावसाळ्यानंतर तिच्यावर शेवाळ तसंच आहे, मागच्या वेळी मी बघितलंय. गड्याला सांगून ब्लीचिंग पावडर टाकून ती घासून घ्या आणि एका बाजूला बांबूचा कठडा बांधून घ्या. पहाटे अंधारात पंप लावायला खाली उतरायचं नाही, पाणी तासभर उशिरा लागलं म्हणून पोफळी मरत नाहीत. ब्लडप्रेशरची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. आणि एकदम उठून उभं राहायचं नाही, पलंगाच्या कडेला थोडं बसायचं, मग उठायचं.

आई, तुझी हाडांची घनता मोजायची आहे. या वयात साध्या घसरण्याने मनगट मोडतं तेव्हा हाडं ठिसूळ झालीत का ते बघायचं असतं, पुढचं मोडणं खुब्याचं असू नये म्हणून. मी इथे नाव घालून ठेवलंय. सुई नाही, दुखणं नाही, नुसतं पाठीवर पडून राहायचं. रक्तातलं ड जीवनसत्त्वही बघून घेऊ. घरात त्या गुळगुळीत झालेल्या सपाता घालून वावरू नकोस. नव्या पाठवल्या आहेत, त्या कपाटात ठेवायला नाहीत.

माझ्यावर रागावलात तरी चालेल. आईने दशभुज गणपतीला बोललेला नारळ मात्र मीच येऊन फोडेन, तिने पायऱ्या चढायच्या नाहीत.

शिमग्याला येतो आहोत तिघंही. जयगडहून दुपारची फेरीबोट धरली की उन्हं कलायच्या आत तवसाळला उतरतो, न्यायला कोणी येऊ नका, गाडी आहे. पालखी घरी यायच्या आधी पोचतोच. त्याच्या आत न्हाणीघरात धरायचा दांडा बसवून घ्या. गवंड्याशी मी बोलले आहे, तो परवा येईल. कमोडच्या उजव्या बाजूला, बाबांच्या कमरेच्या उंचीवर, आणि नुसत्या टाइलवर नको, मागच्या चिऱ्यात खोल स्क्रू गेला पाहिजे. आल्यावर मी त्याला लोंबकळून बघणार आहे.

तुमची,
ताई