स्वस्त बोट वाईट नसते. ती कुठे स्वस्त केली ते पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला हौशी बोटींवरचा लेख वाचला. पहिल्यांदा बोट घेणाऱ्याने स्वस्त बोटीच्या वाटेला जाऊच नये, असा त्याचा एकूण रोख आहे. फायबरच्या बोटी दुरुस्त करण्यात माझी उमर गेली आणि हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. किंमत खाली आणायची तर बनवणाऱ्याला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. कुणी गाद्या, स्टिरिओ, चकचकीत दांड्या आणि कपहोल्डर गाळतो. कुणी बांधणीतच काटकसर करतो. दुकानात दोन्ही बोटी सारख्याच चमकतात. पहिली मी माझ्या भाच्याला बेलाशक घ्यायला सांगेन, दुसरीत त्याला पायही ठेवू देणार नाही.

स्वस्त म्हणजे टाकाऊ, हे इतिहासालाही धरून नाही. ऑप्टिमिस्ट ही छोटी शिडाची होडी क्लार्क मिल्स यांनी 1947 साली फ्लोरिडातल्या मुलांसाठी आखली. प्लायवूडच्या सपाट फळ्या, डब्यासारखा आकार, दिखाव्याला काही नाही. आज जगभरातली मुले तिच्यावरच शीड धरायला शिकतात. 1963 मध्ये आलेली मिरर डिंगी तर ब्रिटनमधल्या ‘डेली मिरर’ या दैनिकाने पुढाकार घेऊन लोकांपुढे आणली, हे आपल्याला मुद्दाम सांगावेसे वाटते. बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांची ती रचना. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे, सांध्यांवर फायबरची पट्टी रेझिनने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, बसवायची, आणि घरच्या घरी होडी तयार. अशा 70,000 हून अधिक होड्या झाल्या. तिच्यात चैनीला जागा नव्हती, पण हवाबंद कप्पे मात्र होते, म्हणजे उलटली तरी ती बुडत नसे. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे त्या दोघांना नेमके कळले होते.

आता मोटरबोटीकडे येतो. आपल्या लेखात चार बोटींचे फोटो आहेत आणि चारही समोरून काढलेले आहेत. मी बोट बघतो ती मागून. आउटबोर्ड इंजिन ज्याच्यावर टांगलेले असते तो मागचा फळा, म्हणजे ट्रान्सम. इंजिनाचे वजन आणि सगळा रेटा त्याच्यावर. पुष्कळ स्वस्त फायबर बोटींत याच्या पोटात प्लायवूड असते. त्यात गैर काही नाही, नीट बंद केलेले प्लायवूड वर्षानुवर्षे टिकते. घात करतात ती भोके. शिडी, पाणी सोडायचे बूच, मासे शोधणाऱ्या यंत्राचा सेन्सर, प्रत्येकासाठी भोक पडते आणि घाईत स्क्रू कोरडाच पिळला जातो. सीलंटचा एक थेंबसुद्धा नाही! पाणी आट्यांवरून आत शिरते, प्लाय आतून कुजत जातो आणि बाहेरचा गेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, नव्यासारखा राहतो. अशा बोटीचा सर्वांत खालचा स्क्रू काढला की भोकातून गडद तपकिरी पाणी ओघळते आणि स्क्रूच्या आट्यांत लाकडाचा ओला भुसा अडकून येतो.

हे विकत घेण्याआधी कुणालाही तपासता येते. इंजिन थोडे वर उचलून पंख्याजवळचा भाग धरा आणि बेताने वर-खाली रेटा. सोबतच्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या कडेवर नजर ठेवायला सांगा. कड वाकताना दिसली, किंवा इंजिनाच्या पकडीखाली बारीक भेगा पसरलेल्या असल्या, तर सौदा तिथेच थांबवा. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळा फळा ठोकत जा. चांगली जागा खणखणीत वाजते, कुजलेली बद्द. कान दोन मिनिटांत तयार होतो.

लेखकाने चॉपर गनने, म्हणजे तुकडे केलेले धागे आणि रेझिन एकत्र उडवणाऱ्या यंत्राने, फवारलेल्या फायबरला सरसकट नावे ठेवली आहेत. गनमधून धाग्यांचे तुकडे पडतात, म्हणून रोव्हिंगच्या, म्हणजे सलग धाग्यांच्या जाड विणलेल्या कापडाच्या, ताकदीला पोचायला थर जाड द्यावा लागतो आणि बोट जड होते, एवढे खरे. पण गन धरणारा हात जाणता असेल तर ती बोट वाईट नसते, आणि हाताने अंथरलेली धाग्यांची मॅट रेझिनने पुरती भिजली नसेल तर तीही कुचकामीच. म्हणून पद्धतीचे नाव विचारत बसण्यापेक्षा एखादे लॉकर उघडावे आणि आतल्या बाजूने हात फिरवावा. पांढरे कोरडे धागे टोचतात का? कोपऱ्यात रेझिनची डबकी थिजली आहेत का? तळाला जोडलेले उभे कणे कडेपर्यंत फायबरने बांधलेत की मध्येच सोडून दिलेत? तोच हात मग दोर बांधायच्या क्लीटच्या खाली घाला. तिथे बोल्ट आणि मागे पट्टी लागली पाहिजे. नुसते स्क्रू असतील तर जोराच्या वाऱ्यात क्लीट उपटून येईल. वायरिंगही तिथेच दिसते. तांब्याच्या तारेवर कथिलाचा मुलामा हवा, साधी तार दमटपणात आतल्या आत काळी पडत जाते.

अॅल्युमिनियमच्या बोटीत वेल्डिंग चांगले की रिव्हेट, या वादात मी पडत नाही. दोन्ही टिकतात, आणि सैल झालेले रिव्हेट बदलता येतात. फक्त बोटीच्या आतल्या जमिनीखालचा प्लाय तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेला असून तो अॅल्युमिनियमला थेट टेकलेला नाही ना, एवढे विचारून घ्या. तसा असेल तर ओलाव्यात तो पत्रा खातो. वापरलेली बोट असेल तर ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्यावी. ट्रेलर, इंजिन, इंधन वजा करूनही वजन कागदावरच्या आकड्याच्या फार पुढे गेले, तर जमिनीखालचा तरंगता फोम पाणी पिऊन बसला आहे असे समजावे.

लेखात एक गोष्ट अजिबात आली नाही, ती म्हणजे बोटीवरची पट्टी. अमेरिकेत 20 फुटांपेक्षा लहान मोटरबोटींवर माणसे, वजन आणि आउटबोर्ड असेल तर कमाल हॉर्सपॉवर सांगणारी पट्टी लागते; शिवाय अशा आउटबोर्ड बोटी पाण्याने भरल्या तरी सपाट तरंगत राहाव्यात, असाही नियम आहे. युरोपात अ, ब, क, ड अशा क्रमाने चार वर्ग आहेत. शेवटचा वर्ग शांत पाण्याचा, बोफर्ट मापात वाऱ्याच्या चौथ्या श्रेणीपर्यंत आणि साधारण 0.3 मीटर लाटेपर्यंतचा. त्याच्या वरचा सहाव्या श्रेणीपर्यंत आणि 2 मीटर लाटेपर्यंतचा. एकाच बोटीला शांत पाण्याच्या वर्गात जास्त माणसे आणि वरच्या वर्गात कमी माणसे लिहिलेली असू शकतात. विक्रेता मोठाच आकडा सांगतो, म्हणून पट्टी आपण स्वतः वाचावी.

बोट, इंजिन आणि ट्रेलर एकाच किमतीत द्यायची पद्धत बेलायनर या अमेरिकी बोट कंपनीच्या ओरिन एडसन यांनी रुळवली आणि त्यामुळे कितीतरी सामान्य घरे पाण्यावर आली, याबद्दल मला आदरच आहे. पण आज जाहिरातीतली किंमत बहुधा सर्वांत लहान इंजिनाची असते. मध्यंतरी एक तरुण जोडपे कोरी बोट घेऊन माझ्याकडे आले. दोघेच असले की ठीक चाले, आईवडील बसले की नाक वर करून पाणी ढकलत राही, वेग घेऊन पाण्याच्या वर चढेचना. तळ, पंखा, सगळे ठाकठीक होते. इंजिन पट्टीवरच्या कमाल ताकदीच्या निम्मेही नव्हते. बोट वाईट नव्हती, त्यांना अपुरी विकली गेली होती. विकणाऱ्याने त्यांना एकदा सगळ्या माणसांनिशी पाण्यावर नेले असते तर हे पाच मिनिटांत कळले असते. मला त्याचा संताप येतो, कारण त्यांनी त्या बोटीसाठी पै पै साठवली होती.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी बोटींची तुलना छापाल तेव्हा कमाल वेगाच्या शेजारी आणखी तीन रकाने द्या: ट्रान्समच्या आत काय भरले आहे, रिकाम्या बोटीचे वजन किती, आणि जाहिरातीतले इंजिन पट्टीवरच्या कमाल ताकदीच्या किती टक्के आहे. बनवणाऱ्याने उत्तर दिले नाही, तर तो रकाना कोरा छापा.

आपला,
फायबर बोटी दुरुस्त करणारा एक वाचक