तू बरोबर होतास, दिल्या

अमळनेर, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही. रागावला असशील तर रागावच. मी बरा आहे, आईचे गुडघे तसेच.

माझ्या बाळ्याच्या डाव्या डोळ्यातलं भिंग घसरलं. अकराव्या वर्षी पोरगं माझ्या खांद्याला लागलंय, बोटं लांबच लांब, म्हणून डॉक्टरांना आधी मार्फान नावाचा आनुवंशिक आजार वाटला. पण मार्फानमध्ये भिंग बहुधा वर सरकतं, याचं खाली आलंय. मग रक्तातलं होमोसिस्टीन तपासलं, म्हणजे खाण्यातल्या प्रथिनांपासून शरीरात बनणारं एक आम्ल. ते रक्त बर्फात ठेवून पेशी लगेच वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर आकडा खोटाच चढत राहतो. आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन! पहिला नमुना फुकट गेला. पोराला दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडलो. आकडा आला १९०. असायला हवा १५ च्या आत.

होमोसिस्टिन्युरिया म्हणतात याला. सिस्टाथायोनिन बीटा सिंथेस नावाचं एन्झाइम नीट चालत नाही, होमोसिस्टीन साचतं, हाडं ठिसूळ होतात, रक्तात गुठळ्या होतात. त्या गुठळ्यांच्या भीतीनं मी रात्री उठून त्याच्या पोटऱ्या चाचपतो. बी-६ जीवनसत्त्व त्याच एन्झाइमला हात देतं. साधारण निम्म्या रुग्णांना लागू पडतं. बाळ्याला पडलं रे! सहा आठवड्यांत ७०. अजून खाली यायला हवं, म्हणून डाळ-दूध मोजून. वरणबट्टीला मुकला, तर म्हणतो, "भरीत आहे ना? मग मी जगलो!"

आई-बाप दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच हे होतं. आमच्या दोघांचे आजोबा-आजी एकच. त्या पंगतीत तू म्हणाला होतास, मामाची मुलगी करू नकोस. आई "मना भाऊनी पोर शे" म्हणत ताटावरून उठली आणि मी तुला घराबाहेर काढलं. तेव्हा तू माझंच भलं बघत होतास. माफ कर. हिला मात्र यातलं काही बोलू नकोस, ती आधीच स्वतःला दोष देतेय.

बाळ्याच्या बहिणीचं, चिमीचं रक्त बुधवारी तपासायचंय. तिलाही असण्याची शक्यता चारात एक. आणि आईनं तिच्यासाठी ताईचा मुलगा आत्तापासून हेरून ठेवलाय. दर सणाला तोच विषय. आईला काय सांगू? तुझं म्हणणं मी मोडलं तेव्हा प्रश्न तिच्या भावाचा होता, आता लेकीचा आहे. भांडली तरी तुझ्यासाठी ती बट्ट्या वेगळ्या काढून ठेवायची. माझ्यापेक्षा तुझं ऐकेल.

तुझं घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार.

मंगळवारी रात्रीपर्यंत ये. स्टेशनवर मी असेन.

तुझा,
सुभाष